वरीलप्रमाणे

"ज्या दिवशी माणसाच्या डोक्यातलं ज्ञान संस्थेच्या कपाटात येतं, त्या दिवशी संस्था अमर होते!"

एवढं बोलून मुख्याधिकारी खरवंडीकर साहेबांनी टेबलावर मूठ आपटली आणि मला ते कपाट उघडायला सांगितलं. कपाट उघडेना. किल्ल्या कोकाट्यांकडे असायच्या, आणि कोकाटे मार्चअखेर निवृत्त होऊन लेकीकडे बडोद्याला राहायला गेले होते. कुठल्या कपाटाला कुठली किल्ली लागते हे सोनहिवरे नगरपरिषदेत त्या एकाच माणसाला ठाऊक होतं. निरोप समारंभात मिळालेल्या शाल-नारळाबरोबर ते ज्ञानही ते घेऊन गेले होते.

"बघा पोतनीस, नेमका हाच माझा मुद्दा आहे," साहेब म्हणाले. ते नाराज व्हायच्या ऐवजी खूशच झाले.

"मुद्दा बरोबर आहे सर. पण कपाट?"

शेवटी शिपायानं केरबातात्यांना बोलावून आणलं. केरबा सातपुते म्हणजे गावाला पाणी सोडणारा माणूस. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर घेऊन ते पहाटेपासून गावभर फिरायचे. रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे. तात्यांनी चावी भिंतीला टेकवली, कपाटाला कान लावला, जसा वैद्य पोटाला लावतो तसा. मग खालच्या कोपऱ्यात तळहातानं एक दणका दिला. दार उघडलं. आत जनगणनेचे जुने कोरे फॉर्म होते, उंदरांचं एक सुखी कुटुंब होतं आणि डाव्या पायाची एक चप्पल होती.

तात्यांनी चप्पल उचलून न्याहाळली आणि परत होती तिथं ठेवली.

"ही कायम झाल्याली दिसती," ते म्हणाले आणि चावी खांद्यावर टाकून निघून गेले.

तात्या स्वतः सत्तावीस वर्षं रोजंदारीवर होते.

मी त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा होतो, पाणीपुरवठा विभागातला कनिष्ठ लिपिक. मीही अजून कायम नव्हतो. दोन वर्षं वागणूक बरी राहिली तर कायम करायचं असा नियम होता, आणि त्यातली वर्ष-दीड वर्षं मी बऱ्या वागणुकीत काढली होती. माझं अक्षर सुंदर होतं. हे मिरवायला सांगत नाही. पुढं ते लागणार आहे.

खरवंडीकर साहेब नुकतेच पुण्याहून सात दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. तिथं त्यांना कळलं होतं की कर्मचाऱ्यांना प्रेरणा दिली की ते आपल्याजवळचं ज्ञान वाटून टाकतात. त्यांनी 'ज्ञानसंकलन मोहीम' काढली. प्रत्येकानं आपल्याला जे येतं ते एका मोठ्या रजिस्टरात लिहून द्यायचं आणि बदल्यात 'ज्ञानदाता' असा पत्र्याचा बिल्ला घ्यायचा. बिल्ल्याची टाचणी शर्टातून आत टोचायची, त्यामुळे ज्ञान दिलेला माणूस लांबूनच ओळखू यायचा.

पहिल्या आठवड्यात बेचाळीस जणांनी ज्ञान दिलं. शिपायानं लिहून दिलं, 'साहेबांची गाडी फाटकात वळली की पंखा सुरू करावा, म्हणजे खोली गार लागते.' बागेच्या माळ्यानं लिहून दिलं, 'नगराध्यक्षांच्या घरी गुलाब मंगळवारी लागतात.' जन्म-मृत्यू नोंदणीच्या फाटकबाईंनी लिहिलं, 'मृत्यूचा दाखला मागायला आलेल्या माणसाला आधी बसायला सांगावं, नाव मागून विचारावं.' साहेबांनी त्यापुढं लाल शाईनं 'हे ज्ञान नव्हे' असा शेरा मारला. बाईंना बिल्ला मिळाला नाही.

"हे सगळं ठीक आहे," साहेब मला म्हणाले, "पण खरं ज्ञान केरबाकडे आहे. किती व्हॉल्व्ह आहेत गावात?"

"दोनशे चौदा, असं तात्याच म्हणतात."

"नकाशा?"

"वाळवीनं खाल्ला, सर."

"म्हणजे उद्या केरबाला काही झालं तर?"

"तर गाव तहानेनं मरेल, सर."

"त्याला प्रेरित करा."

"कशानं करू, सर?"

साहेबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "प्रेरणा आतून येते, पोतनीस. बाहेरून आपण फक्त चहा पाजायचा."

मी चहाचा थर्मास घेऊन टाकीवर गेलो. सकाळचं पाणी सोडून झालं होतं. टाकीच्या सावलीत तात्या भाकरी खात बसले होते आणि त्यांची बायको हौसाबाई समोर बसून कांदा फोडून देत होती. तिचे गुडघे धरलेले असायचे, तरी ती रोज डबा घेऊन तिथवर चालत यायची.

"तात्या, साहेब म्हणतात तुमच्याकडचं सगळं लिहून द्या."

"समदं?"

"समदं."

"मग माज्याकडं काय ऱ्हाईल?"

प्रश्नाचं उत्तर माझ्या खिशातच होतं. मी बिल्ला काढून दाखवला. हौसाबाईंनी तो हातात घेतला, उलटा करून पाहिला.

"ह्यो तव्यावर टाकायचा का चुलीत?"

"गप गं," तात्या म्हणाले. भाकरीचा तुकडा त्यांनी बराच वेळ चावला. "भाऊसाहेब, तुमच्याआधी तीन इंजिनेर येऊन गेलं. एक तर माझ्या मागनं सायकलवर फिरायचा, खुणा बघत. म्या त्येला चार दिवस उगंच गावभर फिरवला. म्या काय येडा न्हाई. हे हाय तवर मी हाय."

"बरोबर आहे."

"पर मला एक पायजे. मला कायम करा. सतरा वर्षं माझी फाईल हितनं तितं हिंडतीया. चौपन्न झाली मला. कायम झालो तर माझ्या मागं हिला पेन्शन लागंल. दुसरं काय न्हाई मागत. तेवढं करा, मी समदं सांगतो. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा."

"सारकं 'माझ्या मागं, माझ्या मागं' करू नका," हौसाबाई म्हणाली. "जणू परवाच निघालाया."

मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी तात्यांना आत बोलावून घेतलं, खुर्ची दिली नाही, पण शब्द दिला. "रजिस्टर पूर्ण झालं की पुढच्याच सभेत तुझा ठराव, केरबा. कायम. माझा शब्द आहे."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तात्या थांबले.

"साहेबाची बदली हुती. तुमची हुईत न्हाई. तुमचा शब्द द्या."

"माझा कसला शब्द, तात्या? मी क्लार्क."

"लिवणार कोण?"

"मी."

"मग तुमचाच पायजे. म्या सांगीन ते जसंच्या तसं उतरायचं."

"जसंच्या तसं," मी म्हणालो. त्यांनी हात पुढं केला, मी त्यावर हात ठेवला. त्यांचा तळहात एखाद्या जुन्या पायतणासारखा होता.

एप्रिलचे दहा दिवस आम्ही दोघं गावभर हिंडलो. सकाळचं पाणी झालं की आठला निघायचं ते दुपारी दोनपर्यंत. मी रजिस्टरात रकाने आखले होते. अनुक्रमांक, ठिकाण, खूण, फेरे, दिशा, शेरा. तात्या झाकण उचलायचे, चावी आत सोडायचे, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचे आणि खालच्या पाण्याची बातमी सांगायचे.

"लिवा. गफूर शिंप्याच्या पायरीपासनं सात पावलं, तोंड बोळाकडं."

"गफूर शिंप्याचं दुकान मोडून दोन वर्षं झाली."

"पायरी हाय न्हवं?"

"आहे. पण पावलं कुणाची? तुमची की माझी?"

तात्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. "माझी."

मी 'सात (केरबा)' असं लिहिलं. पुढं पुढं तर रजिस्टरात पाच केरबा, अकरा केरबा, साडेतीन केरबा असं नवीनच माप तयार झालं. फेऱ्यांचंही तसंच. "चौदा फेरं, आन वर एक नखभर." मी विचारलं, नखभर म्हणजे किती? ते म्हणाले, "हाताला कळतं." मी 'हाताला कळते' असं शेऱ्यात लिहिलं. जसंच्या तसं.

दिशेचा रकाना मात्र सोपा होता. व्हॉल्व्ह बंद करायला चावी उजवीकडं फिरवायची, सगळीकडे तेच. सारखा मजकूर आला की कारकून 'वरीलप्रमाणे' असं लिहितो. हा शब्द ज्यानं शोधून काढला त्याचा पुतळा प्रत्येक कचेरीपुढं उभा करायला हवा. किती मनगटं त्यानं वाचवली असतील, गणती नाही. पहिल्या ओळीत मी 'उजवीकडे फिरवल्यास बंद' असं ठसठशीत लिहिलं आणि तिथून खाली वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, असा विहिरीत दोर सोडावा तसा शब्द सोडत गेलो.

तात्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मी लिहीत असताना ते माझ्या हाताकडे बघत बसायचे. "झाक पळतोय हात तुमचा," एकदा म्हणाले. "आमचा महादबा उस्ताद असा हात फिरवायचा चावीवर. त्येनं मला तीन वर्षं नुसतं बघाय लावलं. हात लावू दिला न्हाई."

"तीन वर्षं? आम्ही दहा दिवसांत उरकतोय की."

"व्हय," तात्या म्हणाले. "सुधारणा हाय."

नवव्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला आम्ही कुंभारवेशीत पोचलो. ऊन मी म्हणत होतं. तात्यांनी झाकण उचललं, पण नेहमीसारखे फेरे सांगून पुढं निघाले नाहीत. उकिडवे बसले आणि महादबा उस्तादाची गोष्ट सांगायला लागले. गोष्टीत एक थंडीची पहाट होती, संस्थानाच्या वेळचा कुणी इंजिनिअर होता आणि शेवटी एक तुटलेला दात होता. एवढं माझ्या कानावर आलं. समोरच्या रसवंतीचे घुंगरू वाजत होते आणि माझा सगळा जीव त्या घुंगरांत अडकला होता. मी मान हलवत होतो. मान हलवणं हे आमच्या खात्यात लवकर शिकवतात.

"लिवलं न्हवं?" तात्यांनी विचारलं.

"लिहिलं," मी म्हणालो, आणि लिहिलं.

मग मी दोन ग्लास रस सांगितला. तात्यांनी आपला निम्मा ग्लास मला दिला. माझं तोंड लाल झालं होतं म्हणे.

रजिस्टर पूर्ण झालं त्या दिवशी साहेबांनी समारंभ ठेवला. रजिस्टर लाल फडक्यात बांधून टेबलावर ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं. फाटकबाईंना आरतीचं ताट धरायला सांगितलं. "आजपासून केरबा एकटा नाही!" साहेब म्हणाले. "आजपासून अख्खी नगरपरिषद केरबा आहे!" टाळ्या झाल्या. हौसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून मागं भिंतीला टेकून उभी होती. तात्यांना बिल्ला लावताना टाचणी टोचली असावी, पण ते हलले नाहीत. कायमचा विषय मेअखेरच्या सभेपुढं अकरा नंबरला लागला. तो कागद मीच टाईप करून घेतला आणि त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला.

पुढच्या सोमवारी साहेबांनी मला बोलावलं.

"पोतनीस, सगळं रजिस्टरात आहे ना?"

"आहे, सर."

"मग केरबा अजून गावभर कशाला फिरतोय?"

याचं उत्तर त्यांना सुचलं होतं. पाणी सोडायचं काम मोहिते नावाच्या ठेकेदाराकडे गेलं आणि तात्यांना 'मार्गदर्शक' केलं. मार्गदर्शकासाठी अभिलेख खोलीच्या दाराशी एक स्टूल ठेवलं. चावी जमा करून घेतली, पोचपावती मी दिली. तात्या रोज सकाळी येऊन स्टुलावर बसायचे. पण मार्गदर्शन मागायला कुणी आलं नाही. मोहित्याला विचारण्यात कमीपणा वाटायचा, शिवाय साहेबांनी त्याला 'रजिस्टर बघा' असं बजावलं होतं. सत्तावीस वर्षं चावी वाहून तात्यांचा उजवा खांदा खाली गेला होता. आता खांद्यावर काही नव्हतं, तरी तो वर आला नाही.

"कसं वाटतंय, तात्या?" मी एकदा विचारलं.

"बरं हाय. बसून हाय." मग थोड्या वेळानं म्हणाले, "त्यो मोहित्या भैरोबा गल्लीचं पाणी पाच मिंटं आदी तोडतोय. म्हातारी माणसं हाईत तितं, त्यास्नी उठून भांडं लावाय उशीर हुतो."

"हे मला रजिस्टरात सांगितलं नाहीत."

"ह्ये बी सांगायचं असतंय व्हय?"

मोहित्या चाळीशीचा, उंचापुरा गडी. त्याची पावलं केरबाच्या दीडपट. रजिस्टरच्या झेरॉक्स घेऊन तो सात पावलं मोजायचा आणि भलतीकडेच उकरायचा. तरी तीन आठवडे कसंबसं चाललं. सभेला पंधरा दिवस उरले असताना एके सकाळी गळती काढायला म्हणून त्यानं कुंभारवेशीतला, एरवी उघडाच राहणारा व्हॉल्व्ह पहिल्यांदाच बंद करायला घेतला. चावी उजवीकडं फिरेना. त्यानं दोन माणसं बोलावली. फिरेना. चावीला लांब पाईप अडकवून चौघांनी मिळून जोर लावला. ज्ञान रजिस्टरात होतं, तेव्हा चूक लोखंडाचीच असणार असा त्यांचा समज झाला असावा. दांडा तुटला, व्हॉल्व्हचं बिडाचं कवच फुटलं आणि पाच लाख लिटरची टाकी भाजी मंडईतून ओढ्याला वाहून गेली.

खालची पेठ मे महिन्यात आठ दिवस कोरडी राहिली. सूतिकागृहातल्या बायकांना बैलगाड्यांतून तालुक्याला हलवलं. तात्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपणहून आले, कमरेइतक्या चिखलात उतरले आणि आठव्या दिवशी पाणी चालू झालं तेव्हा वर आले. बिल्ला शर्टालाच होता.

चौकशी साहेबांच्या दालनात झाली. साहेब, मोहिते, तात्या आणि मी. तात्या उभे. पोटऱ्यांवर चिखल वाळून पांढरा झाला होता.

"रजिस्टर काढा," साहेब म्हणाले. मी लाल फडकं सोडलं. पान उघडलं. अनुक्रमांक एकशे सत्त्याऐंशी, कुंभारवेस. माझं सुंदर अक्षर. त्या क्षणी मला ती थंडीची पहाट, तो इंजिनिअर, तो तुटलेला दात, सगळं एका ओळीत ऐकू आलं. घुंगरांमागून येत होतं तेव्हा ते ऐकू आलं नव्हतं.

"भाऊसाहेब, ह्यो एक उलटा हाय," तात्या त्या दुपारी म्हणाले होते. "अख्ख्या गावात ह्यो एकच. संस्थानाच्या वक्ताला दुसरीकडनं आणून बसिवल्याला. ह्यो डावीकडं बंद हुतो. महादबानं थंडीच्या पहाटं नव्या इंजिनेर साहेबाच्या हुकमावरनं उजवीकडं जोर लावला, चावी उसळून तोंडावर बसली, दात गेला. म्हणून सांगतो, ह्ये मोठं लिवा."

दिशेच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणे'.

"वाचा," साहेब म्हणाले.

"दिशा, वरीलप्रमाणे. म्हणजे उजवीकडे, सर."

"मी उजवीकडंच फिरवला," मोहिते म्हणाला. "लिहिल्याप्रमाणं."

"केरबा, हा व्हॉल्व्ह उलटा आहे हे तुला माहीत होतं?"

"व्हय साहेब."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं व्हतं की. भाऊसाहेब व्हतं." तात्या माझ्याकडे वळले. विश्वासानं वळले. माणूस आपल्या घराच्या दाराकडे वळतो तसे. "भाऊसाहेब, सांगितलं व्हतं न्हवं? दाताचं?"

"पोतनीस?" साहेब म्हणाले. "सांगितलं होतं?"

डोक्यावर पंखा फिरत होता. शिपायानं तो वेळेवर सुरू केला होता. माझ्या कायम होण्याला चार महिने उरले होते आणि घरात माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या वेळी मला हे सगळं क्रमानं आठवलं, एवढंच.

"रजिस्टरात जे आहे ते आहे, सर," मी म्हणालो.

हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप आलं. आतून.

तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर माझ्या उजव्या हातावर गेली आणि तिथंच थांबली. मी हात रजिस्टरखाली घेतला.

"मग नसंल सांगितलं," तात्या म्हणाले. "वय झालं. इसरलो असंन."

आदेश मीच लिहिला. 'सदर इसमाने महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवल्याने नगरपरिषदेचे नुकसान झाले असून त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे.' विषय क्रमांक अकरा सभेपुढून मागं घेतला. साहेबांना त्या वर्षी ज्ञानसंकलनाबद्दल विभागीय पातळीवर ढाल मिळाली आणि दिवाळीच्या आधी त्यांची बदली झाली, तात्या म्हणाले होते तशी. मी सप्टेंबरात कायम झालो. रजिस्टर कपाटात गेलं. कपाट पुन्हा एकदा उघडेनासं झालं, तेव्हा दणका कुठं द्यायचा हे कुणालाच माहीत नव्हतं.

पुढं तीस वर्षं मी त्याच इमारतीत काढली. तात्या बाजारात दिसले की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो. गाव लहान असल्यानं मला बऱ्याच गल्ल्या पाठ झाल्या. गेल्या वर्षी मी अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. निरोप समारंभात नव्या साहेबांनी सांगितलं की पोतनीस म्हणजे चालतंबोलतं रजिस्टर. त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांच्या घरी गेलो.

पत्र्याची एक खोली, पुढं थोडं अंगण. तात्या चौऱ्याऐंशीचे. भिंतीला टेकून उन्हात बसले होते. हौसाबाई अकरा वर्षांपूर्वी गेली. म्हणजे त्यांच्या मागं तिला पेन्शन लागण्याचा प्रश्न तसा आपोआप निकाली निघाला होता. आमच्या खात्यात पुष्कळ प्रश्न असेच निकाली निघतात.

"कोण?"

"मी, पोतनीस. पाणीपुरवठ्यातला."

"भाऊसाहेब!" त्यांनी हातानं चाचपून बाजूचं पोतं पुढं सरकवलं. "बसा की. आदी बसा."

मी बसलो. प्रस्तावना केली नाही, कारण केली असती तर नुसती प्रस्तावनाच झाली असती.

"तात्या, कुंभारवेशीतला व्हॉल्व्ह उलटा आहे, हे तुम्ही मला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. साहेबांनी विचारलं तेव्हाही बोललो नाही. तुम्ही सांगितलं होतं."

"मला ठाव हाय की," तात्या म्हणाले. "म्याच सांगितलं व्हतं न्हवं."

"मग तुम्ही विसरलो असं का म्हणालात?"

अंगणात एक कोंबडी चोच घासत होती.

"तुमचंबी कायम व्हायचं व्हतं. एका कागदात दोगांचं कुटं भागणार?" मग म्हणाले, "आन चूक माझीबी हाय. भर दुपारी सांगितलं. उनात माणसाला काय ऐकू येतंय? महादबानं मला पहाटं सांगितलं व्हतं. माझा हात चावीवर ठिवला, वर आपला ठिवला आन डावीकडं फिरिवला. म्हणला, आता इसर. कसं इसरंल माणूस? म्या तुमच्या हातात चावी द्याय पायजे व्हती. उगंच त्वांडानं बोलत बसलो."

तीस वर्षं मनात घोळवलेलं एक वाक्य होतं, चांगलं होतं, माफीचं होतं. ते म्हणायला मी तोंड उघडलं.

तात्यांनी बोट वर करून मला गप्प केलं. कान अंगणातल्या नळाकडे होता. नळ कोरडा होता. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"ते ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब," ते म्हणाले. "पाणी आलं. तेवढी बादली नळाखाली सरकवा. जरा डावीकडं."